लाकडी जहाज घेऊन अंतराळात: टेबलावरची मोहीम चालवायची कशी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमधे कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, की बास झाल्या आता गुहा आणि तळघरं, जरा अंतराळात जाऊया ना, आणि मग डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, बिचारा रात्री दोन वाजेपर्यंत जागून १४ ग्रह, त्यांचे चंद्र, प्रत्येकाचा राजा, राजाच्या मेव्हण्याचं नाव असं सगळं वहीत लिहून काढतो. मी काढलंय. पहिल्या सेशनला त्यातलं एक अक्षर वापरलं गेलं नाही, चौघेजण तीन तास कॅप्टन कोण होणार यावरच भांडत बसले आणि मग वडापाव आले.

तेव्हा ग्रहबिह नंतर बघू, आधी जहाज. या प्रकारच्या खेळात तुमचे प्लेयर ८० टक्के वेळ त्या फळ्यांवरच असतात, तिथेच भांडतात, तिथेच झोपतात, तिथेच मरतात, आणि ते जहाज जर नुसतं "अंतराळयान पण लाकडी" एवढंच असेल तर मग बसने गेले काय नि रिक्षाने गेले काय.

कल्पना जुनीच आहे. स्पेलजॅमर नावाचं सेटिंग, म्हणजे याच खेळाचं अंतराळातलं तयार जग, १९८९ मधे आलं, मग बरीच वर्षं बासनात होतं आणि २०२२ मधे ६४-६४ पानांची तीन पुस्तकं असा नवा सेट निघाला. तो विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. त्यातल्या तीनच गोष्टी कळल्या की काम भागतं: जहाज चालवणारी जादूची खुर्ची, गुरुत्व आणि हवा. नव्या सेटमधे जहाजांच्या लढाईचे नियम फारच थोडक्यात गुंडाळलेत ही माझी तक्रार आहे, त्यावर खाली येतोच.

आधी एका माणसाचं तोंड बंद करू. प्रत्येक ग्रुपमधे एक इंजिनियर असतो (आमच्याकडे दोन आहेत) आणि तो विचारणार की लाकूड अंतराळात टिकेल कसं. त्याला सांगा की जपानमधे क्योटो विद्यापीठाच्या लोकांनी मॅग्नोलियाच्या लाकडाचा १० सेंटीमीटरचा डबीएवढा उपग्रह बनवला, लिग्नोसॅट नाव त्याचं, खिळे नाहीत गोंद नाही, नुसते सुतारकामाचे सांधे, आणि नोव्हेंबर २०२४ मधे तो खरोखर अंतराळ स्थानकाकडे पाठवला. निर्वात जागेत ना ओल ना हवा, त्यामुळे लाकूड कुजतही नाही आणि जळतही नाही. जळायला हवा लागते, आणि हवा फक्त जहाजाभोवती आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जहाज निवडा. पुस्तकात गोगलगाईच्या शंखासारखी, माशासारखी, विंचवासारखी जहाजं आहेत, ती दुश्मनांना द्या. प्लेयरना आपल्याकडचं द्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग नावं आपोआप तोंडात बसतात. मराठा आरमारातली गुराबं दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असायची, साधारण १५० ते ३०० टनांची, नाळ म्हणजे पुढचं टोक लांब बाहेर आलेलं, आणि नाळेच्या बाजूलाच दोन मोठ्या तोफा समोर तोंड करून लावलेल्या, म्हणजे पाठलाग करतानाच मारा करता यायचा. गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त ७० टन, दोन डोलकाठ्या, ४०-५० वल्ही आणि हलक्या फिरत्या तोफा. पाच-सहा प्लेयरना गलबत बरोबर पुरतं. गुराब दिलंत तर खलाशी इतके होतात की प्लेयर स्वतः काहीच करत नाहीत, नुसत्या ऑर्डरी सोडतात, आमच्याकडे एकदा असं झालं आणि सेशनभर दोघं फोन बघत होते.

अजून एक सुंदर नमुना म्हणजे आयएनएसव्ही कौंडिण्य. अजिंठ्याच्या ५व्या शतकातल्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, २०२५ मधे कारवारला नौदलात दाखल झालं. माझ्या खेळात जहाजाच्या बांधणीत लोखंड चालत नाही, लोखंडामुळे खुर्चीची जादू बिघडते असा नियम मीच ठोकून दिलाय, त्यामुळे सगळी जहाजं शिवलेली. मग जहाज फुटलं की सुताराला सुईदोरा घेऊन उतरावं लागतं आणि हे दृश्य दर वेळी भारी होतं. आणि मोठं राजेशाही जहाज दाखवायचं असेल तर ट्रिंकोमाली नावाच्या जहाजाचे फोटो शोधा, मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१७ चं, अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. त्याच्या आतल्या डेकचे फोटो बघितलेत की तुळया किती खाली असतात ते कळेल आणि तुमचा सहा फुटी योद्धा दर दाराला डोकं आपटायला लागेल.

नकाशा मात्र काढाच. टीव्हीचा खोका फाडा, आतल्या बाजूला पट्टीने चौकोन आखा, एक चौकोन पाच फूट. ७० फूट लांब आणि २० फूट रुंद जहाज म्हणजे १४ बाय ४ चौकोन, एवढंच. त्यात डोलकाठ्या, मधे खालच्या मजल्यावर उतरायचं भोक, मागे खुर्चीची खोली, पुढे चूल. हे तुम्ही एकट्याने करू नका, कोऱ्या आखणीवर प्रत्येक प्लेयरला एक गोष्ट काढू द्या. आमच्याकडे एकीने डोलकाठीला पाळणा बांधला, का तर तिच्या कॅरेक्टरला झोप तिथेच लागते म्हणे, आणि पुढे तिसऱ्या सेशनला तोच पाळणा दोरखंडासकट दुश्मनाच्या शिडात अडकवून त्यांनी लढाई जिंकली. माझ्या १४ ग्रहांनी असं काही केलं नसतं.

आता त्या तीन गोष्टी.

खुर्ची. जहाज वाऱ्याने चालत नाही, एका जादूच्या खुर्चीने चालतं, तिच्यात मंत्र येणारा कोणीतरी बसतो आणि सगळं जहाज त्याच्या अंगासारखं हलतं. जुन्या नियमात बसणाऱ्याचे त्या दिवसाचे सगळे मंत्र संपायचे, नव्या नियमात तसं नाही, फक्त मंत्र धरून ठेवतात तसं लक्ष टिकवावं लागतं. मी मधला मार्ग काढलाय: शांत प्रवासात फुकट, लढाईत बसलात तर दर फेरीला एक छोटा मंत्र जाणार. शिडं मग कशाला असा प्रश्न येतो, तर शिडं वळायला आणि खुर्ची बंद पडली तर गोगलगाईच्या गतीने घरी यायला.

वेग बघा, मजा आहे. नव्या नियमात मैलभरात टनाहून जड काही नसेल तर जहाज २४ तासांत १० कोटी मैल जातं, म्हणजे अंदाजे १६ कोटी किलोमीटर. आपली सूर्यमाला घेतलीत तर पृथ्वीपासून चंद्र साडेतीन मिनिटं (चहा उकळत नाही तेवढ्यात), मंगळ जवळ असताना आठ-एक तास म्हणजे मुंबई-गोवा रात्रीच्या बसपेक्षाही कमी, गुरू चार दिवसांच्या आत, शनी साधारण आठवडा, आणि नेपच्यून जवळपास महिना. पण खरी गंमत त्या मैलाच्या अटीत आहे. कोणी जड वस्तू मैलभरात आली की वेग खाडकन पडतो. म्हणजे पळून जाता येत नाही. दुश्मनाला तुम्हाला अडवायचं असेल तर त्याने फक्त जवळ यायचं, नाहीतर वाटेत दगड सोडून ठेवायचे, आणि हे एकदा प्लेयरना कळलं की टेहळणीला वर कोण बसणार यावरून खरी घासाघीस सुरू होते.

गुरुत्व. हे तोंडी समजावू नका, स्वयंपाकघरातून थाळी आणा. थाळी आडवी धरा, म्हणजे ती जहाजाची गुरुत्वाची पातळी. वरच्या बाजूचं सगळं थाळीकडे खाली पडतं, आणि खालच्या बाजूचं सगळं थाळीकडे वर पडतं. म्हणजे जहाजाच्या पोटाखालीसुद्धा माणूस उलटा उभा राहून चालू शकतो, त्याच्यासाठी तेच सरळ. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचे इंजिनियर अर्धा तास वाद घालत होते, थाळी आणि एक लिंबू हातात दिल्यावर दोन मिनिटांत गप्प. कठड्यावरून पडलेला माणूस खोल खाली जात नाही, पातळीच्या खाली जातो, परत वर येतो, असं हेलकावत शेवटी जहाजाच्या बाजूला तरंगत राहतो आणि हळूहळू बाहेरच्या कडेला सरकतो. कडेपलीकडे गेला की संपला. तेवढ्या वेळात दोर फेकायचा.

याचा वापर करा. चोरटा माल पोटाखाली बांधून नेणारे व्यापारी, खालच्या बाजूने चढून येणारे चाचे, आणि कचरा. कचरा टाकला की तो जात नाही हो, जहाजाबरोबरच चालतो बराच वेळ. आमच्या लोकांनी एका बंदरातून गुपचूप सटकताना करवंट्या बाहेर टाकल्या आणि पुढचे पाच तास त्या करवंट्या शेजारी तरंगत होत्या, एकामागून एक कडेवरून सुटत होत्या आणि मागे माग लागत होता. ते मी आधी ठरवलं नव्हतं, थाळीकडे बघूनच सुचलं.

हवा. माझ्या मते या सगळ्या खेळाचा जीव इथे आहे आणि बहुतेक डीएम हेच सोडून देतात कारण हिशोब आला. जहाज निघताना आपल्याभोवती हवेचं एक वेष्टन घेऊन निघतं. ठरलेली माणसं असतील तर ती हवा १२० दिवस ताजी, पुढचे १२० दिवस नासकी म्हणजे सगळ्यांना विष चढल्यासारखं, आणि त्यानंतर गुदमरून मरण. दिवस मोजत बसण्यापेक्षा मी श्वास मोजतो: एक माणूस एक दिवस म्हणजे एक श्वास. २० माणसांचं जहाज, १२० दिवस, म्हणजे ताजे २४०० श्वास. पेटलेली चूल म्हणजे दिवसाला दोन श्वास, आग लागली तर फेरीला पाच. हे सगळं वाण्याच्या खात्यासारखं एका छोट्या वहीत लिहायचं आणि वही डीएमने ठेवायची नाही, प्लेयरपैकी एकाकडे द्यायची. आमच्याकडे ती एका सीए मैत्रिणीकडे आहे आणि तिच्याइतकी दहशत कुठल्याच ड्रॅगनची नाही.

वही काय करते ते एकदा सांगतोच. आमच्या जहाजाचं नाव उधारी, कारण कर्ज काढून घेतलंय. अर्धी हवा संपलेली, वहीत १२०० शिल्लक, जवळचं बंदर ३१ दिवसांवर, आणि वाटेत एक फुटकं जहाज, त्यावर २८ जिवंत माणसं, लहान पोरंसुद्धा. मी फक्त एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो. सीएने पेन काढलं. "आपण वीस, ते अठ्ठावीस, अठ्ठेचाळीस. बाराशेला भागिले... पंचवीस दिवस."

"म्हणजे सहा दिवस नासक्या हवेत काढायचे, काढू की," आमचा योद्धा.

"अरे आणि त्या सहा दिवसांत कोणी गाठलं तर? उभं तरी राहता येईल का तुला?"

मग अर्धीच माणसं घ्या, मग कोणती अर्धी, मग कोण ठरवणार, मग तू कोण मोठा कॅप्टन लागून गेलास, असं वीस मिनिटं चाललं आणि खरं सांगतो मी त्यात एक शब्दही बोललो नाही, चहा पीत होतो. शेवटी जी सगळ्यात कमी बोलते, स्वयंपाकीण खेळते, ती म्हणाली, "ए, त्या फुटक्या जहाजाची हवा कोणी मोजली का?"

कोणीच मोजली नव्हती. मी पण नाही. दोन जहाजं एकमेकांना लागली की हवा मिसळते हे नियमात आहेच. मी तिथल्या तिथे ७०० श्वास सांगितले आणि वर ओढत न्यायचं तर आठ दिवस जास्त लागतील असंही ठोकून दिलं. १९०० भागिले ४८, साडेएकोणचाळीस दिवस. प्रवास ३९. अर्धा दिवस हातात ठेवून उधारी बंदराला लागली आणि त्या सगळ्या प्रवासात चूल पेटवायची नाही म्हणून सगळे कोरडा चिवडा आणि न भाजलेले सुके बोंबील खात होते. एकही फासा न टाकता झालेलं माझं सगळ्यात चांगलं सेशन ते.

कामं वाटायची तर कॅप्टनवरून भांडण होणारच, त्यावर उपाय आपल्याच किनाऱ्यावर आहे. कोकणात बोटीचा मालक तो नाखवा, बोट हाकणारा मुख्य माणूस तो तांडेल, आणि बाकीचे खलाशी. मालकी आणि हुकूम वेगवेगळे. तसंच करा: नाखवा म्हणजे पैसे, कर्ज आणि कुठे जायचं ते ठरवणारा, तांडेल म्हणजे जहाज हलतं असताना ज्याचं सगळ्यांनी ऐकायचं तो. बाकी एक सुतार, एक तोफेवर, एक वर टेहळणीला, एक चुलीपाशी. खुर्चीत कोण बसणार ते पाळीपाळीने. जादूगार एकच असेल तर एक म्हातारा एनपीसी, म्हणजे डीएमने चालवायचं पात्र, द्या खुर्चीसाठी, नाहीतर तो प्लेयर प्रत्येक लढाईत खोलीत बसून राहणार.

लढाईचं सांगतो म्हणालो होतो. पुस्तकातले आकडे बाजूला ठेवा आणि आंग्र्यांची पद्धत घ्या. कान्होजींच्या काळापासून त्यांच्या आरमाराची रीत अशी की मोठ्या जहाजाच्या पिछाडीला लागायचं जिथे त्याच्या तोफा कमी, वारा पडला तर गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून जागेवर आणणार, मारा शिडांवर आणि डोलकाठ्यांवर, आणि जहाज लंगडं झालं की गलबतांमधून माणसं चहूकडून तलवारी घेऊन वर चढणार. जहाज बुडवायचं नसतंच, धरायचं असतं. अंतराळात तर बुडणं हा प्रकारच नाही, म्हणून हे फिट बसतं.

टेबलावर मी कॅरमबोर्ड उलटा करून खडूने वर्तुळं काढतो. पांढरी सोंगटी आपण, काळ्या ते, क्वीन म्हणजे ज्याच्यासाठी भांडण चाललंय तो माल. दर फेरीला जहाज एक वीत सरकतं, लंगडं झालं तर चार बोटं. तीन गोष्टींवरच मारा करता येतो: शीड, खुर्चीची खोली, माणसं. शिडाला तीन दणके बसले की लंगडं. खोलीला तीन बसले की खुर्चीतल्याचं लक्ष सुटतं आणि जहाज जागच्या जागी तरंगतं. दोन सोंगट्या चिकटल्या की कॅरमबोर्ड बाजूला, खोक्याचा नकाशा मधे, आणि इथून पुढे नेहमीची तलवारबाजी, फक्त आठवण ठेवा की खालच्या बाजूनेही लोक येऊ शकतात. तोफगोळे मोजा. आणि आग लावायची असं कोणी म्हटलं, एक जण म्हणतोच, तर शांतपणे सीएकडे बघा.

दुश्मन फार लागत नाहीत. पाणघोड्याच्या तोंडाचे गिफ म्हणून भाडोत्री सैनिक आहेत, बंदुकीच्या दारूचे वेडे, ते एकदा आणाच, प्लेयर त्यांना मारत नाहीत, नोकरीवर ठेवतात. मेंदू खाणारे माइंड फ्लेयर शंखाच्या जहाजातून येतात, ते फक्त दुरून दाखवा पहिले चार-पाच सेशन. पण सगळ्यात जास्त गोष्टी मला दिल्यात त्या दस्तकाने. कान्होजी आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तक म्हणजे परवाना घ्यायला लावायचे, नसेल तर जहाज जप्त, आणि इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे ते याच रागातून. तुमच्या अंतराळात एक कडक बाई सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, ठेवा, तिचं दस्तक नसेल तर अमुक चंद्राजवळून जाता येणार नाही. मग खोटं दस्तक, उसनं दस्तक, मुदत संपलेलं दस्तक, दस्तक देणारा कारकून जेवायला गेलाय, एवढ्यावर आमचे सहा महिने निघालेत.

पहिलं सेशन असं करा. जहाज बंदरात, नाव अजून रंगवलेलं नाही, सावकार संध्याकाळी यायचाय. नकाशा सगळ्यांनी मिळून काढायचा, कामं वाटायची, वहीत पहिला आकडा लिहायचा, थाळी आणि लिंबू दाखवायचं. मग नारळ फोडून नांगर उचलायचा आणि तासाभरात वर टेहळणीवाल्याला एक ठिपका दिसला पाहिजे. काय आहे तो ठिपका हे तुम्हालाही माहीत नसलं तरी चालेल, त्यांना आपसात तर्क करू द्या, त्यातला सगळ्यात वाईट निवडा. साडेतीन तासांवर जाऊ नका. उठताना वही सीएकडेच गेलीये ना ते बघा, आमची एकदा वडापावच्या कागदाबरोबर टाकली गेली आणि आठ दिवस कोणालाच माहीत नव्हतं उधारीवर किती श्वास उरलेत.